दारात मोटार आणण्यापूर्वी



बैल घ्यायला बाजारात गेलो तर आपण नुसता रंग आणि शिंगे पाहून पैसे मोजत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो. चार पावले चालवतो, ओढ पाहतो. मारका आहे का, औताला बसतो का, याची विकणाऱ्याच्या गावात गुपचूप चौकशीही करतो. तोच शहाणा माणूस मोटार घेताना मात्र शेजाऱ्याने घेतली म्हणून, नाहीतर रंग पोराला आवडला म्हणून सौदा करून मोकळा होतो. वास्तविक मोटार ही बैलजोडीपेक्षा कितीतरी महाग. शिवाय बैल आपल्याला कळतो, मोटार तितकी कळत नाही. म्हणून ती जास्त पारखून घ्यायला हवी.

आज खेड्यात मोटार ही चैनीचीच वस्तू आहे, असे म्हणता येणार नाही. मध्यरात्री सुनेला कळा सुरू होतात, रानात कुणाला पान लागते, म्हाताऱ्याच्या छातीत दुखू लागते. १०८ क्रमांकाला फोन करावाच, पण ती गाडी दूर असली तर दारातली गाडीच कामाला येते. अशा वेळी ‘सेल्फ घेत नाही’ असे म्हणायची पाळी येऊ नये. म्हणून गाडी कोणती घ्यावी आणि घेतल्यावर तिच्या रोजच्या तक्रारी कशा ओळखाव्यात, या दोन्ही गोष्टी घरातल्या सर्वांनी समजून घ्याव्यात.

आधी गरज, मग गाडी

एके दिवशी रात्रीची जेवणे झाल्यावर सगळ्यांनी बसून काही प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. महिन्याला गाडी किती किलोमीटर चालेल? बहुतेक फेऱ्या तालुक्याच्या डांबरी रस्त्यावर की वस्तीच्या पाणंदीवर? घरातून एकावेळी किती माणसे जाणार? भाजीची क्रेट, दुधाच्या किटल्या न्यायच्या का? जवळचा चांगला फिटर कोणत्या गाडीची कामे करतो आणि तिचे सुटे भाग तालुक्याला मिळतात का?

पाणंदीवर ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा राहतो. बुटक्या गाडीचा तळ त्यावर घासतो आणि ऑइलच्या चेंबरला मार बसतो. अशा रस्त्याला तळाची उंची जास्त असलेली गाडी घ्यावी. मात्र फार उंच गाडीत आजीला चढता येत नाही आणि वळणावर ती जास्त कलते. घ्यायच्या आधी आजीला एकदा बसवून पाहावे, हे हसण्यावारी नेऊ नये.

ब्रेकमध्ये चाक जागीच अडकू न देणारी एबीएस ही व्यवस्था एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. पावसाळ्यात चिखलाच्या रस्त्यावर एकदम ब्रेक लावावा लागला तर तिचे मोल कळते. जुनी गाडी घेणार असाल तर त्यानंतरची मिळाल्यास पाहावी.

हप्ता महिन्याला, पीक वर्षाला

पाच लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत असे धरू. महिन्याचा हप्ता सुमारे १०,६२४ रुपये बसतो. पाच वर्षांत ६ लाख ३७ हजारांच्या वर रक्कम भरावी लागते. वर्षाचे झाले जवळजवळ १ लाख २७ हजार. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावाने विकले तरी नुसत्या हप्त्यापायी वर्षाला सुमारे २४ क्विंटल सोयाबीन गेले. त्यात बियाणे, खत, मजुरी धरलेली नाही. गाडीचे पेट्रोल, विमा आणि टायर तर वेगळेच.

नोकरदाराचा पगार महिन्याला येतो, आपला पैसा सुगीला येतो. म्हणून सहामाही हप्त्याची सोय आहे का, हे बँकेत आधी विचारावे. सोय नसेल तर दुधाचा किंवा दुसरा महिन्याकाठचा पैसा हप्त्याला पुरेल एवढीच गाडी घ्यावी. किसान क्रेडिट कार्डावरचे पीककर्ज गाडीच्या सौद्यात मुळीच घालू नये. ते पैसे बी-बियाण्याचे आहेत. ते गाडीत गुंतले की पेरणीच्या तोंडावर सावकाराचे दार ठोठवावे लागते.

पेट्रोल, डिझेल, सीएनजी की वीज?

डिझेलची गाडी जास्त धावते, एवढ्यावर ती घेऊ नये. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ही काजळी जाळायला धुराडे चांगले तापावे लागते, म्हणजे गाडी मोठ्या रस्त्यावर सलग वीसेक मिनिटे चांगल्या वेगात चालावी लागते. जिची रोजची धाव घर ते मळा अशी दोन किलोमीटरची, तिची गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि खर्च उभा राहतो.

पैशाचाही हिशेब करावा. समजा डिझेलची गाडी १ लाख २० हजारांनी महाग आहे आणि किलोमीटरमागे दीड रुपया वाचतो. जास्तीची रक्कम फिटायला ८०,००० किलोमीटर चालावे लागेल. वर्षाला ८,००० किलोमीटर चालणाऱ्या घराला त्यासाठी दहा वर्षे लागतील. ज्याची रोज लांबची धाव आहे, त्यालाच डिझेल परवडते.

सीएनजी स्वस्त पडते, पण पंप किती लांब आणि रांग किती, हे आधी पाहावे. टाकीने मागची सामानाची जागा अडते. विजेची गाडी तालुक्यापर्यंतच्या ठरलेल्या फेऱ्यांना चालते. मात्र घरची वायरिंग आणि अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे. शेतीपंपाच्या जोडणीवर ती चार्ज करू नये.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्या उसाला त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले, हे खरे. पण इथेनॉल पाणी शोषते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील तपासत राहावे, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.

जुनी गाडी पारखताना

गाडी दिवसाउजेडी, इंजिन थंड असताना पाहावी. आपण जाण्याआधीच मालकाने ती तापवून ठेवली असेल तर शंका घ्यावी. थंड इंजिन एक-दोन प्रयत्नांत सुरू व्हायला हवे.

धूर पाहावा. हिवाळ्यात सकाळी सुरुवातीला थोडी पांढरी वाफ निघते, ती साधी गोष्ट आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कुलंट इंजिनात जात असल्याचा संशय घ्यावा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. ऑइलचे झाकण उघडून आतून पाहावे. तिथे ताकासारखा पांढरट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळलेले असू शकते. अशी गाडी फिटरला दाखवल्याशिवाय घेऊ नये.

क्लच पाहण्याची सोपी रीत आहे. मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक पक्का ओढून तिसरा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर ठीक. ते चालूच राहिले तर क्लच घसरतो आहे. समोर कुणाला उभे राहू देऊ नये.

टायरच्या कडेला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बदललाच पाहिजे. एकाच बाजूने झिजलेला टायर चाकांची बिघडलेली ठेवण किंवा जुना अपघात सुचवतो. दारे आणि बॉनेट यांच्या फटी सारख्या आहेत का, रंगात फरक दिसतो का, हेही पाहावे.

पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर आणि जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आपल्याला आठवतो. सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून पाहावा, आत मातीचा डाग राहिलेला असतो. सीटखालचे बोल्ट गंजले आहेत का पाहावे. पायाखालचे आच्छादन उचलून वास घ्यावा.

कागद हा सौद्याचा कासरा

कासरा हातात आल्याशिवाय बैलाचे पैसे देत नाही, तसेच कागदाचे आहे. आर.सी.वरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीशी ताडून पाहावा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, ती किती उरली ते पाहावे. आर.सी.वर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन तो उतरवून घ्यावा. न भरलेले दंड ‘एम-परिवहन’ ॲपवर पाहता येतात. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवली आहे का, हेही विचारावे.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडकते.

विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. आर.सी.वर ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. ‘पाहुण्यालाच दिली, नंतर करू’ असे म्हणून कागद ठेवून देणे फार महागात पडते.

रोजच्या तक्रारी आणि त्यांचे उपाय

*गाडी सुरू होत नाही :* किल्ली फिरवल्यावर नुसते ‘टक टक’ वाजले आणि दिवे मंद झाले तर बहुधा बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरा-हिरवट क्षार साचला आहे. बंद गाडीच्या भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो आणि इंजिन चालू असताना तो साधारण १४ च्या आसपास येतो. तो वाढत नसेल तर दोष चार्जिंगमध्ये आहे; नवी बॅटरी घालून उपयोग नाही. गाडी उभीच राहत असेल तर आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटे चालवून आणावी.

*इंजिन तापते :* काटा लाल रेषेकडे गेला की गाडी बाजूला घेऊन बंद करावी. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, उकळते पाणी तोंडावर उडते. अर्धा-पाऊण तास निवू द्यावे. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालण्याची आपली सवय वाईट आहे. ज्या क्षारांनी आपल्या ठिबकचे ड्रिपर तुंबतात, तेच क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. कुलंट आणि डिस्टिल्ड पाणी कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच घालावे.

*ब्रेक :* पायडल मऊ लागले, खोल गेले किंवा किरकिर वाजू लागले तर त्याच दिवशी फिटरकडे जावे. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे.

*लाल दिवा आणि पिवळा दिवा :* ऑइलच्या झारीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर तिथेच थांबून इंजिन बंद करावे. ‘गावापर्यंत नेतो’ म्हणणाऱ्याचे इंजिन जाम होते. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर लागला तर सावकाश फिटरपर्यंत जाता येते. तो लुकलुकू लागला तर मात्र थांबावे.

*धूळ आणि उंदीर :* हे खास आपले शत्रू. मळणीच्या दिवसांत एअर फिल्टर लवकर भरतो, ओढ कमी होते आणि इंधन जास्त लागते. पुस्तकात दिलेल्या मुदतीची वाट न पाहता तो काढून पाहावा. उंदीर वायरी कुरतडतात. धान्याच्या पोत्यांजवळ, कडब्याच्या गंजीशेजारी गाडी लावू नये. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून लेंड्या, काड्या-चिंध्या दिसतात का पाहावे.

बाजाराच्या दिवशी दहा मिनिटे

आठवडी बाजाराला निघण्यापूर्वी दहा मिनिटे द्यावीत. गाडी सपाट जागी असताना ऑइलची काडी, कुलंटची खूण, ब्रेक तेलाची पातळी, टायरमधली हवा आणि सगळे दिवे पाहावेत. स्टेपनीत हवा आहे का, हे बहुतेक जण विसरतात. बाभळीचा काटा मात्र विसरत नाही. जॅक, पाना, टॉर्च आणि पाण्याची बाटली गाडीतच असू द्यावी.

हे काम फक्त घरच्या कर्त्याचे नाही. स्टेपनी बदलणे, ऑइलची काडी पाहणे सुनेलाही शिकवावे, लेकीलाही. कर्ता पुरुष परगावी असतो आणि अडचण नेमकी त्याच रात्री येते. तेव्हा चावी कुठे टांगली आहे, पेट्रोल किती आहे आणि गाडी कोण चालवणार, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असेल, तरच दारातल्या मोटारीचा खरा उपयोग झाला असे म्हणता येईल.