नऊ महिन्यांचे सात दिवस

गावच्या शाळेत सतरंज्या अंथरून झोपणारी, पहाटे प्रभातफेरी काढणारी, दुपारपर्यंत टिकाव-घमेली घेऊन ओढ्यात राबणारी आणि संध्याकाळी बौद्धिकाला बसणारी कॉलेजची पोरे महाराष्ट्राच्या चांगल्या ओळखीची आहेत. हे राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर. बहुतेकदा दिवाळीच्या नाहीतर नाताळच्या सुट्टीत भरणारे. या सात दिवसांच्या जागी एकेकाळी नऊ महिने मागितले गेले होते आणि मागणारा माणूस मराठी होता, हे मात्र फारसे कुणाला आठवत नाही.

चिंतामणराव देशमुख म्हटले की रिझर्व्ह बँक आठवते आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली दिलेला केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा. त्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. पदवीआधी विद्यार्थ्यांनी समाजसेवा करावी, हा विचार नेहरूंनी १९५८ मध्ये मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात मांडला होता. पुढच्याच वर्षी देशमुखांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली गेली.

समितीची शिफारस रोखठोक होती. शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा सक्तीची करावी. त्यात थोडे लष्करी शिक्षण, समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य शिक्षण असावे. खर्च सोसवणारा नाही आणि अंमल अवघड, या कारणांनी ती बाजूला पडली. मग शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी देशोदेशींच्या विद्यार्थी-सेवेच्या योजना अभ्यासल्या आणि १९६० मध्ये उलटा कौल दिला: सेवा ऐच्छिकच हवी.

पुढचा प्रवास समित्या आणि परिषदांचा. कोठारी शिक्षण आयोगही त्यात आला. अखेर शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांनिशी योजना सुरू केली. जिंकले सैयदैन.

ते योग्यच झाले. सक्तीने धरून आणलेल्या मुलाच्या हातचा टिकाव गावाच्या काय कामाचा? बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरवली ती ऐन मे महिन्यात. विदर्भाच्या त्या उन्हात कुष्ठमुक्तांच्या शेतावर मातीकाम करायला तरुण आपणहून गेले, पिढ्यान्‌पिढ्या जात राहिले.

पण वेळेच्या बाबतीत देशमुखांचेच म्हणणे खरे होते. सात दिवसांत गावातली भावकी कळत नाही, पाणी कुणाच्या शेतापाशी अडते हे कळत नाही. त्यात जादा गुण आणि श्रेयांक आले की सेवा प्रमाणपत्राच्या फायलीत जाऊन बसते.

शिबिरात घातल्या जाणाऱ्या वनराई बंधाऱ्याचेच घ्या. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून पावसाळा सरताना ओढ्याचे पाणी अडवायचे. पुढच्या पुरात तो वाहून जातो. म्हणजे तो दरवर्षी घालावा लागतो, आणि पाऊस ओसरल्या ओसरल्या, पाणी वाहते असताना. डिसेंबरअखेर, ओढा आटल्यावर नव्हे.

म्हणून कॉलेजांना एवढीच विनंती: शिबिरासाठी दत्तक घेतलेले गाव बदलू नका. शिबिराची तारीख ठरवण्याआधी ग्रामपंचायतीला विचारा, आणि गेल्या वर्षीच्या शिबिरातली चार मुले यंदाच्या तुकडीसोबत पाठवा.