पुसली तरी कोरी न झालेली पाटी

चित्रपटमालिका थकली की तिचं ‘रीबूट’ करतात, म्हणजे आधीचं कथानक पुसून पुन्हा श्रीगणेशा करतात. 2015 सालच्या ‘टर्मिनेटर जेनिसिस’मध्ये हे कसं फसलं ते कळायला आधी मूळ चित्रपटातली भीती कुठून येते, ते पाहावं लागतं.

1984 साली जेम्स कॅमेरॉनने सुमारे 64 लाख डॉलरमध्ये ‘द टर्मिनेटर’ केला. भविष्यात यंत्रांविरुद्ध लढणारा जॉन कॉनर जन्मूच नये म्हणून त्याच्या आईला, सारा कॉनरला, मारायला यंत्रं भूतकाळात एक टर्मिनेटर, म्हणजे माणसाच्या रूपातलं मारेकरी यंत्र, पाठवतात. तिला वाचवायला भविष्यातूनच काइल रीस हा सैनिक येतो. कॅमेरॉनने दोनच नियम घातले: भविष्यातून शस्त्र आणता येत नाही आणि आलेल्याला परतीची वाट नाही. सगळी भीती या दोन नियमांतून उपजते. सारा साधी वेट्रेस आहे. रीसकडे पुरावा म्हणून दाखवायला काही नाही, त्यामुळे पोलीस त्याला वेडा ठरवतात. आणि ते यंत्र थांबत नाही. कातडी जळते, पाय तुटतात, तरी सरपटत येतं. मी हा चित्रपट कितीदा पाहिला असेल, तरी त्या सरपटण्याला अजून दचकतो.

1991 च्या दुसऱ्या भागात तसंच एक यंत्र रक्षणकर्ता झालं आणि शेवटी स्वतःच्या इच्छेने वितळलेल्या पोलादात उतरलं. गोष्ट तिथे संपली होती. 2003 आणि 2009 चे भाग त्यानंतरची ओढाताण.

‘जेनिसिस’मध्ये रीस पुन्हा 1984 मध्ये उतरतो. जुनी दृश्यं हुबेहूब उभी केली आहेत, टर्मिनेटर साकारणारा श्वार्झनेगरही तरुण रूपात संगणकावर घडवला आहे. पण इथल्या साराला 1973 पासून एका टर्मिनेटरनेच वाढवलंय आणि तीच रीसला वाचवते. कल्पना खरोखर चांगली आहे, पहिला अर्धा तास मी आनंदाने पाहिला. मग लक्षात येतं, की साराला सगळं आधीच ठाऊक आहे, मारेकऱ्याच्या जातीचं यंत्र तिला बापासारखं आहे आणि घरी बनवलेलं कालयंत्रही हाताशी आहे. त्यात बसून ती आणि रीस थेट 2017 गाठतात. परतीची वाट बंद असण्यात जी धाकधूक होती, ती इथे उरतच नाही. त्यावर ज्याच्या जन्मासाठी सगळा आटापिटा, तो जॉनच यंत्र होऊन खलनायक बनतो. हा धक्का तर ट्रेलरमध्येच दाखवून टाकला होता.

पैशाचं गणितही समजून घेण्याजोगं आहे. खर्च सुमारे 15.5 कोटी डॉलर, जगभरची तिकीटविक्री सुमारे 44 कोटी. आकडा घसघशीत वाटतो, पण त्यातले अमेरिकेतले जेमतेम 9 कोटी, तर चीनमधले 11 कोटींहून जास्त. अमेरिकेत तिकिटाच्या साधारण निम्मे पैसे स्टुडिओकडे येतात. चीनमध्ये परदेशी चित्रपटाला चौथा हिस्साच मिळतो. प्रसिद्धीचा खर्च वेगळाच. यातून तीन चित्रपटांची नवी मालिका उभी राहायची होती; पुढचे दोन आलेच नाहीत.

2019 साली कॅमेरॉन निर्माता म्हणून परतला आणि ‘डार्क फेट’मध्ये दुसऱ्या भागानंतरचं सगळं पुन्हा पुसलं गेलं. त्याच्या सुरुवातीलाच, 1998 मध्ये, ग्वाटेमालातल्या समुद्रकाठी एक टर्मिनेटर येतो आणि आईच्या डोळ्यांदेखत कोवळ्या जॉनला गोळी घालतो.