भुयार दिसलं, तर आधी पांढर शोधा

पिंपळगाव राजा असो की वऱ्हाडातलं दुसरं कुठलं जुनं गाव, सर्वेक्षणाला गेलात की भुयाराची गोष्ट कानावर येतेच. गढीतून निघतं, नदीपाशी उघडतं, आतून घोडेस्वार जायचा! ही गोष्ट वहीत जरूर टिपा. पण भुयार कशासाठी होतं, याचं उत्तर भुयारात क्वचितच मिळतं. ते वरच्या वस्तीत असतं.

आयर्लंडचं उदाहरण घ्या. तिथे जमिनीखाली ‘सूटरेन’ नावाचे दगडी बोगदे सापडतात. चर खणायचा, दोन्ही बाजूंनी चुन्याशिवाय दगड रचायचे, वर लांब शिळा टाकून माती लोटायची. यातले बहुतेक साधारण सहाव्या ते बाराव्या शतकातले. काहींत वाट मध्येच इतकी अरुंद केलेली, की रांगतच जावं लागतं. म्हणजे लपण्याची जागा? की थंडाव्यात दूधदुभतं ठेवण्याची? दोन्ही शक्य आहे. पण हे सुचलं कशावरून? अनेक सूटरेन गोल बांधाने वेढलेल्या शेतकरी वस्त्यांत आहेत, म्हणून. वस्ती कळली नसती, तर बोगदा हे नुसतं कोडंच राहिलं असतं.

काळाचंही तसंच. काही सूटरेनच्या छताला ओघम लिपी कोरलेले जुने दगड वापरलेत. म्हणून बोगदा त्या लेखाच्या काळातला ठरत नाही. तो लेखानंतर कधीतरी बांधला, एवढंच सिद्ध होतं. दगडाचं वय आणि बांधकामाचं वय यांत गल्लत करू नका.

आता आपल्याकडे या. मातीची घरं पडत गेली, राख-शेण मिसळत गेलं, की पांढुरकं टेकाड तयार होतं. शेताची काळी, वस्तीची पांढर. आणि पांढरीच्या पोटात काय? धान्याचे खड्डे, म्हणजे पेवांचे पूर्वज. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. इ.स.पू. 1600 ते 700 या काळातल्या त्या गावात घरांसोबत साठवणीचे खड्डेही मिळाले. खड्डा कोणत्या घराजवळ, कोणत्या थरात, हे नोंदलं म्हणूनच धान्य कुणाच्या हाती होतं हा प्रश्न विचारता आला.

आपल्याच जिल्ह्यातलं, पूर्णेकाठचं भोन बघा. तिथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. भाजलेल्या मातीच्या कड्या एकावर एक बसवलेल्या वलयविहिरीही तिथे आहेत. अशी विहीर पिण्याच्या पाण्याची की सांडपाणी जिरवण्याची? पुन्हा तेच: शेजारी काय आहे त्यावर ठरतं. आणि हे स्थळ जिगाव धरणाच्या बुडित क्षेत्रात येतं. पाणी चढलं, की मागे उरतील फक्त नोंदी.

म्हणून क्षेत्रकामात तीन गोष्टी पाळा:

1. भुयाराआधी पांढर गाठा. खापरं, विटा, राख कुठून कुठवर पसरलीय ते नकाशावर घ्या.
2. सांगणाऱ्याने स्वतः पाहिलंय की ऐकलंय, हे वेगळं लिहा.
3. आत उतरू नका, उकरू नका. बंद पेवात हवा विषारी होऊन माणसं दगावतात, हे जुनी मंडळी जाणतात. शिवाय गुप्तधनाच्या नादात खणलेला एक खड्डा शेकडो वर्षांचे थर एकत्र कालवतो. ते पुन्हा वेगळे करता येत नाहीत.