मीटर, मशीन आणि शीळफाटा

बालमित्रांनो, शीळफाट्यावर गर्दीत कधी अडकला आहात का? एक रस्ता कल्याणकडे, एक मुंब्र्याकडे, एक महापेकडे, तर एक पनवेलकडे. रिक्षा, एसटी, टेम्पो, सगळे इथूनच वळतात. टेम्पोत भाजी आहे की लोखंड, याच्याशी फाट्याला काय करायचंय? जायचं कुठे, एवढं कळलं की झालं!

इंटरनेटचंही अगदी असंच असतं. निरोपाचे छोटे छोटे तुकडे करतात आणि प्रत्येकावर पत्ता घालतात. वाटेतले फाटे, म्हणजे राउटर, तो पत्ता वाचून तुकडा पुढे धाडतात. आत चित्र आहे की गाणं, हे ते बघत नाहीत. या नियमांना 'इंटरनेट प्रोटोकॉल' किंवा 'आयपी' म्हणतात. त्याची चौथी आवृत्ती १९८१ साली प्रसिद्ध झाली.

आता घरात येऊ या. संध्याकाळी सगळीकडे दिवे, पंखे, एसी एकदम सुरू होतात आणि विजेची मागणी वाढते. दुपारी मात्र उन्हापासून भरपूर वीज मिळते. म्हणूनच महाराष्ट्रात स्मार्ट मीटर असलेल्या घरांसाठी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर १ जुलै २०२५ पासून सवलत जाहीर झाली. समजा, "वीज स्वस्त झाली" हा निरोप कपडे धुण्याच्या मशीनला थेट मिळाला, तर? ते आपणहून त्या वेळी सुरू होईल!

पण मीटर एका कंपनीचा, मशीन दुसरीचं. दोघांची भाषा वेगळी असेल, तर निरोप पोचणार कसा? यावर तोडगा म्हणजे सगळ्यांनी आयपीचाच रस्ता वापरायचा. घरातल्या विजेच्या उपकरणांसाठी असे नियम २०१३ साली तयार झाले. दिवे, कुलपं यांच्यासाठी २०२२ साली 'मॅटर' नावाचे नियम आले. तेही आयपीवरच चालतात.

दोन अडचणी मात्र होत्या. जुन्या आयपीत पत्ते जेमतेम ४३० कोटी. नव्या, सहाव्या आवृत्तीत इतके पत्ते आहेत, की तो आकडा लिहायला ३९ अंक लागतात! दुसरी अडचण अशी, की या आवृत्तीचा तुकडा १२८० बाइटचा असू शकतो, आणि उपकरणांतल्या चिमुकल्या रेडिओला एका वेळी फक्त १२७ बाइट पेलतात. ट्रकमधला माल रिक्षात कसा मावणार? म्हणून तो वाटून अनेक रिक्षांत भरायचा आणि पोचल्यावर पुन्हा जोडायचा. त्याचे नियम २००७ साली ठरले.

पालकहो, आता थोडं तुमच्यासाठी. रस्ता सगळ्यांचा असला, की पेटीला कुलूप हवंच. घर कधी रिकामं असतं, हे विजेच्या आकड्यांवरून कळू शकतं. म्हणून निरोप सांकेतिक लिपीत जायला हवेत. असं उपकरण घेताना दुकानदाराला दोन प्रश्न जरूर विचारा: आमचे आकडे कोण वाचणार? आणि नेट बंद पडलं तर साध्या बटणाने हे चालेल ना?

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक गंमत! आठवडाभर रोज सकाळी आणि रात्री मीटरचा आकडा वहीत लिहा. मीटरला हात लावायचा नाही, लांबूनच वाचायचा बरं का! वीज जास्त दिवसा जळते की रात्री? स्मार्ट मीटर हेच तर टिपतो. मग तुमची वही कुणी चोरून वाचली, तर तुम्हाला चालेल का?