फाशी आणि माणूस : ‘हव’ म्हणणारा

आज दयेच्या अर्जाबद्दल लिहिणार होतो. राज्यघटनेची ७२ आणि १६१ ही कलमं काढून ठेवली होती. पण रविवारी कनेरगाव नाक्यावर वाशिमच्या गाडीची वाट बघत उभा असताना ओळखीचे एक शेतकरी जवळ आले. या लेखमालेचा मागचा भाग, फाशी टळलेल्या खुनी रामन राघवबद्दलचा, त्यांनी लेकीकडून वाचून घेतला होता. म्हणाले, "वकीलसाहेब, तो रामन राघव बिमार निघाला म्हणून वाचला. माझं लेकरू बिमार नाही, जलमापासूनच असं आहे. उद्या त्याला कोणी धरलं तर?"

दयेचा अर्ज आता पुढच्या आठवड्यात.

त्यांचा मुलगा मला ठाऊक आहे. पंचविशीतला, नाक्यावरच्या हॉटेलात पाणी भरतो. त्याला काहीही विचारा, उत्तर एकच, "हव." जेवलास का? हव. अजून जेवला नाहीस ना? हव. हव म्हटलं की समोरचा रागावत नाही, आपल्या वाटेनं निघून जातो, एवढं तो लहानपणी शिकलाय. बौद्धिक अपंगत्व असलेल्या कितीतरी माणसांना ही सवय असते. इतकी वर्षं फौजदारी काम केल्यावर मला सगळ्यात जास्त धास्ती या एका शब्दाची वाटते.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात अर्ल वॉशिंग्टन नावाचा शेतमजूर होता. बुद्ध्यांक ६९. १९८३ मध्ये दुसऱ्याच प्रकरणात पकडला गेला आणि पोलिसांनी एका बाईच्या खुनाबद्दल विचारलं तेव्हा हो म्हणाला. ती काळी होती की गोरी, म्हटल्यावर काळी म्हणाला. ती गोरी होती. प्रश्न पुन्हा फिरवून विचारले गेले, उत्तरंही तशी फिरली, आणि त्या कबुलीवर त्याला मृत्युदंड झाला. १९८५ मध्ये शिक्षेला नऊ दिवस उरले असताना ती थांबली. पुढे डीएनए तपासणी झाली आणि २००० साली राज्यपालांनी त्याला त्या खुनाबद्दल पूर्ण माफी दिली. त्याच व्हर्जिनियातल्या अ‍ॅटकिन्स खटल्यात २००२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना मृत्युदंड देणंच घटनाबाह्य ठरवलं, आणि त्यामागे खोट्या कबुलीचा धोका हेही एक कारण दिलं.

आपल्याकडे पोलिसांसमोरची कबुली पुरावा होत नाही, हा मोठा आधार आहे. पण मॅजिस्ट्रेटसमोरची होते. शिवाय मेमोरंडम पंचनामा असतोच: आरोपी म्हणे ‘दाखवतो’ म्हणाला आणि वस्तू निघाली. कुऱ्हाड तू लपवलीस ना? हव. इथं ना? हव.

आता फाशीकडे येतो. भारतीय दंड विधानाचं ८४वं कलम आज न्याय संहितेत २२वं झालंय. मनाच्या विकृतीमुळे आपलं कृत्य काय आहे किंवा ते चूक आहे हे कळण्याची कुवतच ज्याला नव्हती, त्याला ते सोडतं. नाक्यावरच्या या मुलाला विचारा, कोणाला मारणं वाईट असतं ना? हव. झालं, कलमाच्या लेखी तो शहाणा.

मग उरते शिक्षा. १२ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या एका कैद्याची फाशी रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप दिली. निकालात त्याचं नाव नाही, तो फक्त ‘आरोपी क्ष’ आहे. शिक्षेनंतरचा गंभीर मानसिक आजार हे फाशी टाळण्याचं कारण होऊ शकतं, असं तिथं ठरलं. निकाल मोलाचा आहे, पण त्यात शब्द ‘आजार’ आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आजाराच्या व्याख्येतून मतिमंदत्व स्पष्ट शब्दांत वगळलंय. ते येतं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, आणि तिथं फाशीबद्दल अक्षर नाही. अशा माणसाला फासावर देऊ नये असा कायदा आपल्या संसदेनं अजून केलेला नाही. त्या बापाला नेमका हाच खड्डा दिसला होता.

तरी अशी फाशी टाळायला पाया होता. १९८० च्या बचन सिंग निकालात डॉ. चितळे या वकिलांनी शिक्षा सौम्य करणाऱ्या परिस्थितींची यादी न्यायालयापुढे मांडली. मानसिक दोषामुळे आपल्या वर्तनाचं गांभीर्य ओळखता न येणं, हे तिचं शेवटचं कलम. न्यायालयानं या यादीला मोठं वजन द्यायला सांगितलं. पण वजन द्यायचं तर आधी दोष कोणाच्या तरी नजरेस पडायला हवा, आणि गप्प राहून हव म्हणणारा आरोपी समंजस वाटतो. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या प्रोजेक्ट ३९ए गटानं फाशीच्या कैद्यांची तपासणी केली. २०२१ च्या त्यांच्या अहवालात सुमारे ११ टक्के कैद्यांना बौद्धिक अपंगत्व आढळलं. २०२२ च्या मनोज निकालापासून फाशी देण्याआधी मानसशास्त्रीय अहवाल मागवावा लागतो. माझ्या मते तोही उशीरच आहे. तपासणी व्हायला हवी ती पहिल्या ‘हव’च्या आधी.

गाडी आली तेव्हा ते विचारत होते, मग मी काय करू? मी म्हटलं, भाऊ, आधी जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड काढा. साक्षीला म्हणून कोणी ठाण्यावर बोलावलं तर नागरिक सुरक्षा संहितेचं १७९वं कलम दाखवा: मानसिक अपंगत्व असलेल्याला राहत्या घराबाहेर यायला भाग पाडता येत नाही, विचारायचं ते घरी येऊन. त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि तळहातावर १७९ लिहून घेतलं.