बंदोबस्त आणि कायदा

राज्यसंस्थेचे पहिले कर्तव्य नागरिकांच्या जीविताचे रक्षण हे होय, याविषयी दुमत नाही. भर वस्तीत बॉम्ब फुटून निरपराध माणसे मरतात, तेव्हा सरकारने स्वस्थ बसावे असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. प्रश्न निराळा आहे. हे रक्षण करताना सरकारच कायद्याची मर्यादा ओलांडू लागले, तर काय होते? याचा विचार आपण अल्जीरियाच्या उदाहरणावरून करू.

अल्जीरिया फ्रान्सच्या ताब्यात असताना, १९५४ च्या नोव्हेंबरात, तेथे स्वातंत्र्याचा सशस्त्र लढा सुरू झाला. मार्च १९५६ मध्ये फ्रान्सच्या लोकसभेने सरकारला खास अधिकार देणारा कायदा ४५५ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अल्जिअर्सच्या जुन्या वस्तीत गोऱ्या जहालांनी बॉम्बस्फोट घडविला. सप्टेंबरात स्वातंत्र्यवाद्यांनी उपाहारगृहांत बॉम्ब ठेवले. दोन्हीकडे सामान्य माणसेच मेली. ७ जानेवारी १९५७ रोजी शहरातील पोलिसांचे अधिकार जनरल मास्यू यांच्या हाताखालील छत्रीसैनिकांकडे सोपविण्यात आले.

त्यानंतर रात्री-अपरात्री माणसे उचलली जाऊ लागली. विजेचे झटके देणे, पाण्यात गुदमरविणे हे चौकशीचे नित्याचे मार्ग झाले. समर्थन एकच: पुढचा बॉम्ब कोठे आहे हे आताच्या आता कळले पाहिजे. परंतु ज्याला काहीच ठाऊक नाही, त्यालाही तोच प्रश्न विचारला जातो. वेदना थांबावी म्हणून तो कोणाचे तरी नाव घेतो. त्या माणसाला उचलतात. तो आणखी दोन नावे घेतो. एका बॉम्बासाठी काढलेला अपवाद असा हजारोंचा नियम होऊन बसतो.

अल्जिअर्सच्या प्रशासनात पोलीस विभागाचे प्रमुख सचिव असलेल्या पॉल तेतजाँ यांनी दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा छळ स्वतः सोसला होता. तशाच छळाच्या खुणा त्यांना आपल्या सरकारच्या कैद्यांच्या अंगावर दिसल्या आणि मार्च १९५७ मध्ये त्यांनी राजीनाम्याचे पत्र लिहिले. स्थानबद्धतेच्या हुकमांवर सही त्यांची असे. त्यांच्या हिशेबाप्रमाणे ३,०२४ माणसांचा पुढे पत्ताच लागला नाही. त्याच जूनमध्ये मोरिस ओदँ या पंचवीस वर्षांच्या गणिताच्या अध्यापकास घरातून नेण्यात आले. तो पळून गेला, असे लष्कराने सांगितले. त्याच्या पत्नीने त्यावर कधीही विश्वास ठेवला नाही. १९६२ च्या माफीच्या हुकमांनी खटल्याचा मार्ग बंद केला, आणि सरकारी यंत्रणेच्या छळामुळे त्याचा अंत झाला ही कबुली फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी २०१८ साली, म्हणजे एकसष्ट वर्षांनी दिली.

शहरातील बॉम्ब थांबले, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९५७ च्या अखेरीस तेथील गुप्त संघटना मोडून पडली होती. तथापि ज्या घरातला मुलगा परत आला नाही, ते घर त्या सरकारचे राहिले नाही. जुलै १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. शहर जिंकले, देश गमावला.

हा धडा परदेशापुरता समजण्याचे कारण नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्यात परक्या सरकारनेही मान्य केले होते. कोठडीत काय होऊ शकते, हे त्यालाही ठाऊक होते. स्वतंत्र भारताच्या १९८७ च्या टाडा कायद्याने मात्र पोलीस अधीक्षकापुढील कबुली ग्राह्य ठरविली. १९९५ मध्ये तो कायदा संपला. छळाविरुद्धचा १९८४ चा आंतरराष्ट्रीय करार युद्ध किंवा आणीबाणी ही सबब मानीत नाही. त्यावर भारताने १९९७ मध्ये सही केली. त्याला अंतिम मान्यता मात्र दिलेली नाही.

कायद्याची खरी परीक्षा शांततेच्या दिवसांत होत नसते. भय दाटून आले असता, ज्याच्याविषयी आपल्याला तिळमात्र सहानुभूती नाही अशा माणसालाही न्यायाधीशासमोर उभे करण्याचा आग्रह आपण धरतो की नाही, यावर ती ठरते. तो आग्रह धरणे हे दहशतवाद्याचे वकीलपत्र घेणे नव्हे. उद्या चुकून आपल्या दारावर थाप पडली, तर आपल्यापाशी तेवढेच एक संरक्षण असणार आहे.