झोपाळ्याची कुरकुर

१९४८ साली संस्थान विलीन झाले, पण भोरकडच्या जुन्या घरांतला झोपाळा काही खालसा झाला नाही. सागवानी फळीला सहसा काही होत नाही. झिजतो तो वरचा आकडा! भोरच्या पश्चिमेला आणि वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, पावसाळाभर हवा ओलीच. लोखंड गंजते, झोका तो गंज खरवडतो, उघड्या लोखंडावर पुन्हा गंज चढतो. झीज होते नेमकी कडी टेकते तिथे, आकड्याच्या पोटात. खालून पाहावे तर आकडा धडधाकट!

कुरकुर सुरू झाली की आपण तेल सोडतो. कुरकुर थांबते, झीज भरून येत नाही. (शहरातल्या फिरत्या स्टुलाचेही तेच. बैठक डुगडुगली की आपण गादी बदलतो, झिजलेले असतात आतले छर्रे.)

दिवाळीला गावच्या घरी एका फळीवर पाच भाचरे चढतील. त्याआधी झोपाळा उतरवा, आकड्याच्या पोटातून बोट फिरवा. खाच लागली तर आकडा बदलाच. डाग देऊन घेण्याची काटकसर नको. कडीही पाहा. तुळईत पेचकस टोचा. सहज रुतला तर नव्या आकड्याचा उपयोग नाही, आधी सुताराला बोलवा.